खाऱ्या रानात सॉल्टबुशवर मेंढरं कशी चारायची

मी मूळचा कृष्णाकाठचा, मिरज तालुक्यातला. उसाला पाणी देऊन देऊन जमिनीला मीठ फुटलं की माणसं त्या रानाकडं पाठ फिरवतात, हे लहानपणापासून बघितलेलं. आता पश्चिम ऑस्ट्रेलियात, केलरबेरिनच्या दक्षिणेला एका शेतावर मेंढरांचं काम बघतो. पर्थच्या पूर्वेला दोनशे किलोमीटर. पाऊस वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बहुतेक मे ते ऑक्टोबर, म्हणजे इथल्या हिवाळ्यात. इथंही मीठ फुटलेली रानं आहेत, पण त्यांत सॉल्टबुश नावाचं मीठ सोसणारं झुडूप लावतात आणि त्यावर मेरिनो मेंढ्या चरतात. गावाकडं हे कळल्यापासून फोन सुरू. आमचा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, त्या झुडपाचं पोतंभर बी पाठव की!" बी असं पाठवता येत नाही, कायद्यानं मनाई आहे. आणि नुसतं बी मिळून भागतही नाही. म्हणून इथं हे काम कसं चालतं ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. सॉल्टबुश हे मेंढीचं जेवण नाही, तोंडीलावणं आहे. लोणच्यावर कुणाचं पोट भरत नाही, तसंच हे. पुढचं सगळं, म्हणजे लागवडीतलं अंतर, पाणी, खुराक, चराईचे दिवस, या एका गोष्टीवरून ठरतं.

ओल्ड मॅन सॉल्टबुश या जातीचं एक पान चुरगाळून बघा. रंग राखाडी, हाताला पिठूळ लागतं. भिंगाखाली धरलं तर पानावर बारीक फुगेच फुगे दिसतात. मुळानं ओढलेलं मीठ झाड त्या फुग्यांत नेऊन टाकतं, म्हणजे पानाच्या आतला कारभार बिनघोर चालतो. जिभेवर ठेवा, खारट लागतं आणि मागून थोडं कडसर. वाळलेलं पान जाळलं तर पाव हिस्सा नुसती राख निघते, आणि त्यात मोठा वाटा मिठाचा. पोषणाच्या तक्त्यात प्रथिनं पंधरा टक्के वगैरे दिसतात आणि नवा माणूस खूश होतो. पण त्यातला बराच नायट्रोजन खऱ्या प्रथिनांचा नसतो. मेंढीच्या पोटातल्या जंतूंनी त्याचं प्रथिन बनवायचं, तर त्यांना ऊर्जा लागते, आणि नेमकी तीच या पानात कमी. वर मिठामुळं मेंढी ठरावीक मर्यादेपलीकडं खातच नाही. दिवसाला शंभर-दीडशे ग्रॅम मीठ पोटात गेलं की तिचं तोंड आपोआप फिरतं. म्हणजे वाळल्या वजनात अर्धा किलो, फार तर थोडं जास्त, एवढाच सॉल्टबुश तिच्या पोटात जाणार. बाकीचं पोट दुसऱ्या कशानं तरी भरायला हवं.

मग लावायचं कशाला? कारण इथं जानेवारी ते एप्रिल रानात हिरवं काडीभर नसतं. गव्हाची धसकटं, वाळलेलं गवत, बस्स. त्या दिवसांत हिरवं पान म्हणजे सोनं. शिवाय या पानात ई जीवनसत्त्व भरपूर. उन्हाळाभर कोरड्यावर असलेल्या कोकरांचे स्नायू ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं पांढरे पडतात, पाय ताठ होतात, हाकलताना जनावर खाली बसतं. सॉल्टबुशवर असलेल्या कळपात हे सहसा होत नाही. मांसही जास्त वेळ लालबुंद राहतं म्हणून खाटीक खूश, पण तो त्यांचा फायदा.

रान कुठलं निवडायचं

इथल्या जमिनी खाऱ्या झाल्या त्या पाटाच्या पाण्यानं नव्हे. समुद्रावरून येणाऱ्या पावसाबरोबर हजारो वर्षं थोडं थोडं मीठ जमिनीत मुरत होतं. वर निलगिरीच्या जातीची खोल मुळांची झाडं होती, ती पाणी पिऊन टाकायची, त्यामुळं मीठ खालीच राहायचं. गव्हासाठी जंगल तोडलं, 1960 च्या दशकात तर वर्षाला दहा लाख एकरांची मोहीमच होती, आणि भूजल मीठ घेऊन वर आलं. 1924 सालीच डब्ल्यू. ई. वुड नावाच्या रेल्वे इंजिनिअरनं हे लिहून ठेवलं होतं. वाफेच्या इंजिनांना गोडं पाणी लागायचं आणि जंगल तुटेल तशी आजूबाजूची तळी खारट होत चालली, हे त्याला दिसलं. ऐकलं कुणी नाही. असो.

रान ओळखायला प्रयोगशाळा नंतर, आधी तिथं आपोआप काय उगवलंय ते बघायचं. रायग्रास बऱ्यापैकी असेल तर मीठ थोडंच आहे, तिथं सॉल्टबुश लावून जागा अडवू नका, चांगलं गवत करा. बार्ली ग्रास माजलं असेल तर ती सॉल्टबुशची जागा. आणि जिथं सॅम्फायर, म्हणजे ती बोटांच्या पेरांसारखी मांसल लालसर खारवनस्पती, नाही तर नुसता उघडा पांढरा पापुद्रा दिसतो, तिथं पैसा घालू नका. कुंपण घाला आणि सोडून द्या. दर काही वर्षांनी कुणीतरी तिथंच रोपं लावून बघतो आणि रोपवाटिकेला शिव्या देतो.

उन्हाळ्याच्या शेवटी हातगिरमिटानं भोक पाडून पाणी कितीवर लागतं ते बघा. भर उन्हाळ्यात गुडघाभर खोलीवर खारं पाणी लागलं तर ओल्ड मॅन सॉल्टबुश तिथं तग धरणार नाही. त्याला मीठ चालतं, मुळाशी तुंबलेलं पाणी चालत नाही. थोडी पाणथळ जागा असेल तर रिव्हर सॉल्टबुश बरं. ते पसरतं, बुटकं राहतं आणि ओल जास्त सोसतं. चढाकडच्या कोरड्या भागात ब्लूबुश हे तसलंच दुसरं झुडूप आपलं आपण बी टाकून पसरतं.

लागवड

इथं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लावतात. हिवाळ्याच्या पावसानं वरच्या थरातलं मीठ खाली धुपून गेलेलं असतं, साचलेलं पाणी ओसरलेलं असतं, ऊब यायला लागते आणि ओल अजून शिल्लक असते. या चार गोष्टी जुळतात ते दिवस थोडेच. आधी तणनाशक मारून ओळी साफ करायच्या आणि पाणी साचत असेल तर वरंबा ओढून त्यावर रोप लावायचं. बी पेरणारी यंत्रंही आहेत. ती वरंबा ओढतात, त्याच्या माथ्यावर छोटी खाच पाडतात, ठरावीक अंतरावर बियांची चिमूट टाकतात आणि वर काळा फवारा मारतात म्हणजे माती तापते. स्वस्त पडतं, पण उगवण बेभरवशाची. मी रोपांच्या बाजूचा.

ओळी कशा टाकायच्या? झुडपांच्या दोन ओळी, मग गवतासाठी मोकळा पट्टा, मग परत दोन ओळी. पट्टा निदान पेरणीयंत्र फिरेल एवढा रुंद हवा. आमच्याकडं दहा मीटरच्या वर आहे. हेक्टरी पाचशे-सहाशे झुडपं बास. सगळं रान झुडपांनी भरलं तर फोटो झकास येतो आणि मेंढी उपाशी राहते, कारण तिचं खरं जेवण त्या मोकळ्या पट्ट्यात उगवायचं असतं. पट्ट्यात बलान्सा क्लोव्हर, बर मेडिक असा द्विदल चारा, आणि जिथं खार व ओल दोन्ही आहे तिथं मेसिना पेरतात. मेसिना हीही द्विदलच, या कामासाठी पुढं आणलेली. तिला तिच्याच जातीचं जिवाणूखत लावून पेरावं लागतं, नाही तर गाठी धरत नाहीत. झुडपांनी भूजल थोडं खाली ओढलं की पट्ट्यातलं गवत दरवर्षी सुधारत जातं, हे डोळ्यांनी दिसतं.

जातीबद्दल एक सांगतो. बियांपासून वाढवलेल्या रानात पहिल्या चराईला तीन-चार दिवसांनी ओळीतून चालत जा. एक झुडूप काड्यांपर्यंत ओरबाडलेलं आणि शेजारचं, दिसायला तसंच, पानालाही तोंड न लावलेलं. मेंढीला फरक कळतो, आपल्याला कळत नाही. सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेनं हेच ध्यानात घेतलं. देशभरातून सॉल्टबुशचे वाण गोळा केले, लावले, मेंढ्यांना आत सोडलं आणि त्यांना आवडलेली झुडपं निवडून त्यांतली जास्त पचणारी पुढं नेली. त्यातून निघालेला वाण 'अनामेका', आमच्या शेजारच्या टॅमिन गावातल्या शेतावरून नाव पडलेला. तो छाटकलमानं वाढवतात, त्यामुळं प्रत्येक झुडूप सारखं. रोप महाग, पण नवीन रान करायचं असेल तर मी तोच घेईन.

पहिलं वर्ष मेंढरांना लांब ठेवा. ससे, कांगारू आणि लाल पायांची बारीक कोळीकीड मात्र आमंत्रणाची वाट बघत नाहीत, त्यांच्यावर नजर हवी. झुडूप चराईजोगं झालं का, याची परीक्षा सोपी आहे. मेंढी ओढते तशी मूठभर पानं धरून हिसका द्यायचा. पानं हातात आली तर ठीक. रोप बुडातून हललं तर अजून थांबा. पहिली चराई हलकी आणि लवकर संपवायची. शेंडे खुडले गेले की झुडूप खालून फुटतं आणि पसरतं. हे टाळलं तर दोन-तीन वर्षांत ते डोक्याच्या वर जातं आणि पानं मेंढीच्या तोंडापलीकडं.

कळप आत सोडताना

आधी हिशेब. सरासरी दिसणारं एक झुडूप निवडा, मेंढी खाईल एवढी पानं आणि पेन्सिलपेक्षा बारीक कोवळ्या काड्या ओरबाडून पोत्यात भरा, पत्र्यावर खडखडीत वाळवा आणि वजन करा. समजा पाऊण किलो भरलं. हेक्टरी सहाशे झुडपं, म्हणजे साडेचारशे किलो. मेंढी दिवसाला अर्धा किलो खाणार, म्हणजे नऊशे मेंढी-दिवस. तीनशे मेंढ्या असतील तर एका हेक्टरला तीन दिवस, दहा हेक्टरला महिना. त्यातून थोडं कमीच धरा, कारण झुडपावर पानं राहायला हवीत.

थोड्या मेंढ्या वर्षभर आत ठेवण्यापेक्षा जास्त मेंढ्या चार-सहा आठवडे ठेवा आणि मग रान पूर्ण मोकळं सोडा. वर्षभर ठेवल्या तर आवडती झुडपं फुटली की लगेच खुडली जातात आणि मरतात, नावडती माजतात. पाच वर्षांनी हातात फक्त नावडती उरतात.

भुकेला कळप कधीही थेट आत सोडू नका. बाजारातून ट्रकनं आलेली, दिवसभर उपाशी असलेली मेंढी सॉल्टबुशवर तुटून पडते. पानात ऑक्सॅलेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून टाकतं, आणि संध्याकाळपर्यंत जनावर थरथरून आडवं झालेलं दिसतं. आधी एक-दोन दिवस गवताचा वाळला चारा पोटभर द्या, मगच फाटक उघडा.

दुसरी अडचण उलटी. जिनं कधी सॉल्टबुश बघितलंच नाही ती मेंढी फाटकापाशी उभी राहून हाका मारते. तिला शिकवायला चार जाणत्या म्हाताऱ्या मेंढ्या बरोबर सोडा. आपल्याकडं धनगर पुढं चालायला जाणती मेंढी ठेवतात, तीच अक्कल इथं कामाला येते. गाभण मेंढीनं सॉल्टबुश खाल्ला असेल तर तिची कोकरं पुढं मीठ जास्त चांगलं सोसतात, हे इथल्या संशोधकांनी तपासून दाखवलं आहे. म्हणून कळपाच्या घरच्या पिल्लावळीची किंमत विकत आणलेल्या जनावरापेक्षा जास्त.

कुठल्या मेंढ्या सोडायच्या? रिकाम्या मोठ्या मेंढ्या आणि खच्ची केलेले नर आरामात निभावतात. वाढत्या कोकरांना आणि विण्याच्या शेवटच्या महिन्यातल्या मेंढ्यांना ऊर्जा जास्त लागते. त्यांना सोडायचं तर खुराक वाढवा, नाही तर सोडू नका.

खुराक म्हणजे काय? शेजारी गव्हाच्या धसकटाचं रान असेल तर मधलं फाटक उघडं ठेवा, मेंढी आपलं ताट आपण वाढून घेते. दुपारपर्यंत इकडं, मग तिकडं. धसकट नसेल तर वाळलेल्या गवताचे गठ्ठे, आणि त्यावर जव किंवा ओट दिवसाला दोन-अडीचशे ग्रॅम. दाणा पहिल्या दिवशी मूठभर, मग आठवडाभरात वाढवत न्यायचा, एकदम दिला तर पोटात आंबतो. बरेच जण इथं लुपिन हे कडधान्य घालतात, कारण त्यात प्रथिनं जास्त. मला ते उलटं वाटतं. नायट्रोजन झुडपातून मिळतोच आहे, उणीव ऊर्जेची आहे, मग जव स्वस्त आणि बरोबर. आणि हो, रानातली मिठाची वीट उचलून आणा. हसू नका, सॉल्टबुशच्या रानात मिठाची वीट टांगलेली मी पाहिली आहे.

पाणी

सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. पोटात गेलेलं मीठ लघवीवाटे बाहेर टाकायला मेंढीला पाणी लागतं. साध्या चाऱ्यावर चार-पाच लिटर पिणारी मेंढी इथं आठ-दहा लिटर पिते, चाळीस अंशांच्या दिवशी त्याहूनही जास्त. तीनशे मेंढ्यांना रोज तीन हजार लिटर धरा, आणि डोण तेवढ्या वेगानं भरते का ते बादली आणि घड्याळ घेऊन मोजा. सगळा कळप एकदम येतो. डोण रिकामी दिसली की मागच्या मेंढ्या न पिताच परततात, आणि दुसऱ्या दिवशी चरणं कमी.

पाणी गोडं हवं. शेततळ्याचं पाणी हिवाळ्यात चांगलं असतं, पण उन्हाळ्यात आटत जाईल तसं मीठ घट्ट होत जातं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा खिशातला टीडीएस मीटर दर आठवड्याला बुडवायचा. एरवी मोठ्या मेंढ्या बऱ्यापैकी खारं पाणी सोसतात, पण चारा खारट असताना ती सूट नाही. आकडा लिटरमागं तीन हजार मिलिग्रॅमच्या वर गेला की मी कळप हलवतो. आमचं नशीब, मंडारिंग धरणापासून कॅलगूर्लीच्या सोन्याच्या खाणींकडं जाणारी 1903 सालची पाइपलाइन याच पट्ट्यातून जाते. सी. वाय. ओकॉनर नावाच्या इंजिनिअरनं ती आखली, पण पाणी पोचलेलं बघायला तो राहिला नाही. ती नसती तर केलरबेरिनच्या आसपास सॉल्टबुशवर मेंढरं पाळण्याची गोष्ट बोलायचीही सोय नव्हती.

डोण आणि झुडपं एकमेकांपासून फार लांब नकोत. पाण्याजवळची झुडपं आधी संपतात आणि लांबची तशीच राहतात. रान मोठं असेल तर विजेच्या तारेचं तात्पुरतं कुंपण घालून तुकडे पाडा.

रोज काय बघायचं

वजनकाट्यावर फार विसंबू नका. खारा चारा खाणारी मेंढी पोटात पाणी जास्त बाळगते, काटा फसवतो. हात ठेवून बघा. शेवटच्या बरगडीच्या मागं कण्यावर अंगठा आणि बाजूच्या आडव्या हाडांच्या टोकांखाली बोटं. टोकं गोल आणि मांसानं झाकलेली लागली तर ठीक. बोटं सहज खाली शिरू लागली आणि कणा धारेसारखा लागला की खुराक वाढवा, नाही तर बाहेर काढा. प्रत्येक वेळी त्याच वीस-पंचवीस मेंढ्या चाचपा, म्हणजे तुलना खरी होते.

पहिले चार-पाच दिवस लेंडी थोडी पातळ झाली तर घाबरू नका. आठवड्यानंतरही मागचे पाय माखलेले दिसले तर वाळला चारा कमी पडतोय, शिवाय तिथं माश्या अंडी घालतात. बसण्याच्या जागी जमीन ओली दिसते, तीही लघवीच आहे, ठीक आहे. दुपारी सावलीला बसून रवंथ करणाऱ्या किती आणि डोणीभोवती घुटमळणाऱ्या किती, हे मोजलं तरी निम्मं निदान होतं.

झुडपावर शेवटची पाचवा हिस्सा पानं उरली की कळप बाहेर. मे महिन्यात पहिला मोठा पाऊस झाला की मात्र आठवडा-दोन आठवडे आणखी आत ठेवण्याचा मोह धरा, तो योग्य मोह आहे. कारण तेवढ्यात बाकीच्या रानांतलं कोवळं गवत मूळ धरतं आणि बोटभर उंच होतं. उगवताच खुडलं तर हिवाळाभर चारा तुटतो. माझ्या मते सॉल्टबुशच्या रानाचा सगळ्यात मोठा नफा त्याच्या कुंपणाबाहेर उगवतो. पण सखल भागात पाणी तुंबायला लागायच्या आत मेंढ्या काढाच. पानं गेलेली आणि मुळाशी पाणी, असं झुडूप हिवाळ्यात कुजतं.

आपल्या क्षारपड रानांबद्दल

आता चुलतभावासाठी. कृष्णाकाठची क्षारपड जमीन आणि हे रान एकसारखं नाही. आपली काळी, चिकट, उसाच्या पाण्यानं भूजल वर आलेली. कितीतरी ठिकाणी ती नुसती खारवट नाही, चोपण, म्हणजे सोडियम जास्त झालेली आहे. वर जून ते सप्टेंबर पाणी साचणार, नेमकी ऊब असताना. ओल्ड मॅन सॉल्टबुशला हे तुंबलेलं पाणी मानवत नाही. तिथं आधी निचरा. उघडे चर काढा किंवा जमिनीखालून पाइप टाका, पाणी हिशेबात द्या आणि माती तपासून चोपण निघाली तर जिप्सम घाला. निचरा होईपर्यंत ओल्या कडेला पॅरा गवत टिकतं, आणि पावसाळ्यात ढैंचा घेऊन हिरवळीचं खत म्हणून गाडता येतो. बांधावरच्या वेड्या बाभळीचा पाला मेंढरं खात नाहीत, पण वाळलेल्या शेंगा आवडीनं खातात. गोळा करून कुटून ठेवल्या तर उन्हाळ्यात खुराकाला होतात.

जतकडची माडग्याळ मेंढरं तुझ्या रानात चार दिवस बसवायला आली तर क्षारपड तुकड्यात सोडायला हरकत नाही, पण वर लिहिलेले तीन नियम तिथंही तेच. उपाशी आणू नको, ज्वारीचा कडबा आधी टाक, आणि त्या रानातल्या विहिरीचं पाणी पाजू नको. दोन-तीन टँकर गोड्या पाण्याची सोय होत नसेल तर मेंढरं दुसऱ्या रानात बसव.